पेटीतल्या डांबरगोळ्या

अगं बहिणी, माहं पत्र अशी उभ्या-उभ्या काय वाचतेस? गॅस बंद कर, खाली बस. हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही. नवरा गेला, त्यालेही नाही.

डांबरगोळ्या माहीत आहेत ना? पांढऱ्या, गुळगुळीत. पेटीत ठेवल्या की वितळत नाहीत, पाणी होत नाही. बसल्याजागी झिजून हवा होते त्यांची. ती हवा कपड्यात शिरते. माह्या पोराची झबली-टोपडी मी पंचवीस वर्षं तशीच ठेवली होती, एकालेही कसर नाही. नातू झाला तेव्हा विहीणबाईले खामगावले फोन केला — कपडे आणू नका, पहिले कपडे जुनेच घालतात, माह्यापाशी आहेत. ती म्हणे, "ठेवा बाई तुमची पेटी! आमचं कापड काय चावते का लेकराले?"

मी न धुता, न उन्हात टाकता तेच घातले.

चौथ्या दिवशी लेकरू पिवळं पडलं. लघवी काळ्या चहासारखी. बुलढाण्याले नेलं. विहीणबाई परस्पर तिकडंच आली. सून आत खाटेवर होती. डॉक्टरनं बाहेर येऊन विचारलं, "आजी, कपड्यांत डांबरगोळ्या होत्या का? काही लेकरांचं रक्त त्यानं फुटते, कावीळ चढते."

झबली तेव्हा माह्याच हातातल्या पिशवीत होती, गाठ मारलेली. विहीणबाई माह्याकडं पाहून राह्यली होती. मी म्हणलं — "नाही जी."

काऊन म्हणलं? तिच्यासमोर मान खाली जाईल म्हणून. दुसरं काही नाही.

मी नाही म्हणलं, म्हणून डॉक्टर दुसरी कारणं शोधत राह्यले. त्या एवढ्याशा टाचेले सुया टोचत राह्यले. रक्त चढवलं. पोरगं वाचलं. झबली मी चुलीत घातली.

तिथंच थांबले का? नाही. घरी आल्यावर सुनेले म्हणलं, "तुह्या दुधातच काही असंल." एकदाच म्हणलं. पण दुसऱ्या लेकराले तिनं अंगावर पाजलंच नाही. छाती घट्ट बांधून बसायची, अन् डब्यातलं दूध कालवून मीच द्यायचे — हे हात माहे.

परवा सून शेजारणीले सांगत होती, "माह्या दुधात दोष आहे." कोणी आपलं गाव सांगावं, तशी. मी तिथंच शेंगा निवडत राह्यले.

उद्या तिले सांगणार आहे. मग माह्याशी बोलायचं की नाही, ते तिचं ती पाहील. तू मात्र लवकर येऊन जा.