कोकिळेचा उलटा फ्रॉक

बोरगावात १९८३ साली मतिमंद मुलांची एक छोटी शाळा निघाली. मंदाबाई तिथं मदतनीस म्हणून लागल्या. घरची सहा पोरं वाढवल्यानं त्यांचा हात भारी चपळ. पहिल्याच दिवशी आठ मुलांच्या आंघोळी, पावडर, भांग असं सगळं त्यांनी अर्ध्या तासात उरकलं आणि शाबासकीसाठी मुख्याध्यापिका शकुंतलाबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. बाईंनी शांतपणे सांगितलं, मुलांना तयार करायचं नाही, तयार व्हायला शिकवायचं. दाखवा, पण हात लावू नका.

हात न लावता काम कसं करतात, हे मंदाबाईंना कळेना.

त्यांच्या वाट्याला आली दहा वर्षांची कोकिळा, किराणा दुकानवाल्या पुंडलिकरावांची लेक. घरी तिला आईच कपडे घाली. मंदाबाईंनी पुढून चार मोठ्या बटणांचा फ्रॉक शिवून घेतला. कोकिळा एक बटण धरून दहा मिनिटं बसे, मग खिडकीतल्या चिमणीकडे बघे. इकडे मंदाबाईंचे हात नुसते शिवशिवत. शेवटी त्या दोन्ही तळवे मांडीखाली दाबून बसू लागल्या.

"मंदाबाई, हात कुठं गेले?" शकुंतलाबाईंनी एकदा विचारलं.

"त्याहीच्यावरच बसली आहो, बाई. सोडले का पळतेत."

अडीच महिन्यांनी, एका गुरुवारी, कोकिळेनं स्वतः फ्रॉक घालून बटणं लावली. फ्रॉक उलटा, शिवण बाहेर, पहिलं बटण दुसऱ्या काजात, त्यामुळं चौथ्याला काजच उरलं नाही आणि एक खांदा वर चढलेला. मंदाबाईंना रडू आणि हसू एकदमच आलं.

नेमके तेव्हाच पुंडलिकराव लेकीला न्यायला आले. तिचा अवतार पाहून भडकले. "बाई, तुमी दिवसभर काय करून राह्यल्या? बाजारातून नेतो मी इले. लोक काय म्हणतीन?"

मंदाबाई उत्तर द्यायच्या आत पुंडलिकरावांनी खाली बसून बटणाला हात घातला. कोकिळेनं फाडकन त्यांच्या हातावर चापट मारली.

"म्या घातला," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी हात मागे घेतला. उठले, तिचं बोट धरलं आणि त्याच उलट्या फ्रॉकात तिला बाजारातून घरी घेऊन गेले. वाटेत तिघांनी विचारलं, तर तिघांनाही थांबवून फ्रॉक कोणी घातला ते सांगितलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी मात्र ते तक्रार घेऊन हजर. पोरगी कोणाला हात लावू देत नाही, फ्रॉक घालायला पाऊण तास लागला, दुकान उघडायला उशीर झाला.

"मंग आता सकाळी लवकर उठत जाजा," मंदाबाई म्हणाल्या.

उठू लागले ते.