हौदातला खर्ज

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं एक यंत्र होतं. त्याच्या चाकावर सतत पाण्याची बारीक धार पडायची आणि त्या धारेखाली काच फिरवत फिरवत फ्रेमच्या मापाची करायची, हे तिचं काम. सकाळी दुकान उघडल्यापासून संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत उजवा हात ओला. गल्लीत सगळे तिला चष्मेवालीच म्हणत. गंमत अशी, की तिला स्वतःला चष्मा नव्हता. चाळिशी उलटली तरी सुईत दोरा ओवायला शेजारणी तिच्याकडेच येत.

पण तिचा जीव होता तो बेस गिटारमध्ये. चार जाड तारा आणि खाली, पार पोटातून येणारा खर्जाचा आवाज. बँड वाजत असला की लोक गाणारीकडे बघतात, फार तर ड्रमवाल्याकडे. बेस वाजवणाऱ्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. पण तो दोन घटका थांबला तर पायाखालची फरशी काढून घेतल्यासारखं होतं. चष्मेवालीला ती फरशी घालायला आवडायचं.

हे वेड वडिलांकडून आलेलं. बाबा एका मोठ्या हॉटेलच्या बँडमध्ये आयुष्यभर बेस वाजवत होते. उजव्या हाताची पहिली दोन बोटं माणूस रस्त्याने चालावा तशी तारांवर चालवायची, एकामागून एक, ही त्यांची रीत. मुलीला त्यांनी तसंच शिकवलं. ती पटकन शिकली. बाबा कधी तोंडावर कौतुक करायचे नाहीत, पण ती वाजवत असली की वर्तमानपत्राचं पान उलटायचं विसरून जायचे.

मग लग्न झालं, नोकरी लागली आणि बोटांचे हाल सुरू झाले. दिवसभर पाण्यात भिजलेली कातडी मऊ पडायची, सुरकुतायची. संध्याकाळी त्याच बोटांनी जाड तारा छेडल्या की टोकं फुटायची, रक्त यायचं. मलमं झाली, तेलं झाली, हातमोजेही घालून पाहिले, पण मोजे घातले की काच हातातून निसटायची. एकदा रागारागात तिने दुकानातल्या मोडक्या फ्रेमची रुंद काडी उचलली, तिचा बदामाच्या आकाराचा चपटा तुकडा कापला, कडा यंत्रावर गुळगुळीत केल्या आणि घरी आल्या आल्या त्या तुकड्याने तार छेडली.

तार बोलली. नुसती घुमली नाही, बोलली. आधी 'टक' आणि मागून खर्ज. दारावर टकटक करून मग आत यावं, तसा सूर येत होता. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तोही स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाला, "हे काय नवीन? हे मला समजतंय बरं का!"

अशा तुकड्याला पिक म्हणतात. पुढच्या वेळी माहेरी गेली तेव्हा तिने मोठ्या हौसेने बाबांच्या बेसवर ते वाजवून दाखवलं. बाबांनी गाणं पुरं होऊ दिलं नाही. उठले आणि अँप्लिफायरचं बटण बंद केलं.

"पीक शेतात येतं," ते म्हणाले, "तारेवर नाही."

"बाबा, माझी बोटं फुटतात."

"फुटू देत. घट्टे पडतील. तारेला बोट लागायला हवं. हातमोजे घालून लेकराच्या गालावरून हात फिरवलास तर लेकराला काय कळणार? आणि तुला तरी काय कळणार?"

"घट्टे पडत नाहीत ना पण! दिवसभर पाण्यात असतो हात."

"मग नोकरी बदल."

आईने मध्ये पडून चहा आणला, विषय तिथेच बुडाला. पण चष्मेवालीच्या मनाला ते फार लागलं. त्या दिवसापासून तिने बाबांसमोर बेसला हात लावला नाही. बाबांनीही कधी विचारलं नाही. दोघंही एकाच मातीची. जेवायला एकत्र बसत, हवापाण्यावर बोलत आणि बेसचा विषय मात्र दोघांच्या मध्ये न बोलावलेल्या पाहुण्यासारखा बसून असे.

तिचा धाकटा दीर दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये ड्रम वाजवायचा. त्या बँडचा बेसवाला गाव सोडून गेला, तेव्हा दिराने वहिनीचं नाव पुढे केलं. बँड चालवणारे मास्तर, म्हणजे कीबोर्डवाले. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं. त्यांनी तिचं वाजवणं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि एकच अट घातली.

"आमच्यात बेस बोटांनीच वाजतो. पिकनेच वाजवायचं असेल तर गिटार घ्या, बेसच्या वाटेला जाऊ नका."

दीर तिच्याकडे बघून गप्प राहा अशी खूण करत होता. तिलाही बँड हवा होता. तिने अट मान्य केली.

मग ती बोटांच्या टोकांना डॉक्टरी चिकटपट्टी गुंडाळून वाजवू लागली. पट्टीने बोट वाचायचं, पण सूर गुदमरायचा. उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा. कुणी तक्रार केली नाही, कुणी वाहवाही केली नाही. घरी मात्र स्वयंपाक उरकला की ती पिक काढायची आणि नवरा भांडी विसळता विसळता पाय हलवत ऐकायचा. असं बरेच दिवस चाललं. गाडं असंच चालत राहिलं असतं, पण मध्ये तो तलाव आला.

गावात पोहण्याचा एक जुना तलाव होता. बंद इमारतीतला, वर काचेचं छत, खाली चारी बाजूंनी चकचकीत फरशा. नवा तलाव झाल्यावर जुन्यातलं पाणी काढून टाकलं आणि त्याचं सभागृह करायचं ठरलं. कल्पना झकास होती. लोकांनी कोरड्या हौदात उतरून नाचायचं, बँडने उथळ टोकाच्या ओट्यावर उभं राहून वाजवायचं, ज्यांना नाचायचं नाही त्यांनी काठावर खुर्च्या टाकून बसायचं. उद्घाटनाला तीन बँड बोलावले होते. प्रत्येकाच्या दोन फेऱ्या, मध्ये चहा. काठावर पहिल्या रांगेत गावातले जुने वादक बसवले होते आणि त्यांत बाबा होते, शेजारी आई.

बाबांना पाहून चष्मेवालीने खिशातलं पिक आणखी खोल सारलं.

पहिल्या बँडने सुरुवात केली आणि सगळ्यांच्या लक्षात आलं, की हौद बांधणाऱ्याने तो पाण्यासाठी बांधला होता, गाण्यासाठी नाही. आवाज फरशीवर आपटायचा, काचेला धडकायचा, परत खाली यायचा. गाणारीचे शब्द कसेबसे पोहोचत होते, पण बेसचा नुसता काला झाला होता. एक सूर विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन बसायचा. ताल कुठे पडतोय तेच कळेना. नाचणारे आधी एकमेकांच्या पायांवर पाय देऊ लागले, मग हसू लागले, मग एकेक करून पायऱ्या चढून सरबताच्या टेबलाकडे निघाले.

दुसरी पाळी यांची. बोटांना पट्ट्या गुंडाळून चष्मेवाली उभी राहिली. पहिलं गाणं चांगलं पळतं, उड्या मारायला लावणारं होतं. पण तिचा सूर तिचा तिलाच ऐकू येईना. गाण्याच्या मध्यावर ड्रममागून दीर ओरडला, "वहिनी! आहेस कुठे तू?"

"इथेच आहे रे!"

"ऐकू येत नाहीयेस!"

गाणं कसंबसं काठाला लागलं. टाळ्या वाजल्या त्या न वाजल्यासारख्याच. हौदात चारदोन टाळकी उरली होती. मास्तरांचा चेहरा उतरला. चष्मेवालीने काठाकडे पाहिलं. बाबा हाताची घडी घालून बसले होते, मान किंचित तिरकी, अवघड काहीतरी ऐकताना करायचे तशी.

तिने दातांनी पट्ट्यांची टोकं धरली आणि दोन्ही पट्ट्या ओढून काढल्या. खिशात हात घातला. तपकिरी ठिपक्यांच्या फ्रेमच्या काडीचं पिक बोटांत आलं.

मास्तरांनी ते पाहिलं. "ते खाली ठेवा," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"मास्तर, एवढं एक गाणं होऊ द्या. मग हवं तर काढून टाका मला."

"अहो, आपलं ठरलंय..."

"ठरलंय, मान्य. पण हौदाला कुठे माहीत आहे ते?"

दिराला हसू आवरलं नाही. त्या हसण्यातच त्याने काठ्या आपटून ताल दिला आणि मास्तरांना बोलायला जागाच उरली नाही.

चष्मेवालीने उजवा तळहात घोडीपाशी, तारा जिथे संपतात तिथे, हलका टेकवला. त्याने सूर लांबत नाही, उमटला की मिटतो. मग पिक चालवलं. टक, टक, टक-टक. प्रत्येक सूर वेगळा, सुटा, कड असलेला. फरशीने तोही परत फेकला, पण तोवर तो मिटलेला असायचा आणि पुढच्याला वाट मोकळी असायची. मागे ड्रमच्या आवाजात एकदम जोर आला. दिराला जमीन सापडली होती. त्याच्या पाठोपाठ मास्तरांची बोटं आपसूक तालात आली, गाणारीने मान मागे टाकून दुसरं कडवं घेतलं आणि सरबताच्या टेबलापाशी उभी असलेली एक लठ्ठशी बाई हातातला पेला तसाच ठेवून पायऱ्यांकडे निघाली.

तिच्यामागून दोघं आले. मग पाच. मग मोजायची सोयच उरली नाही. गाणं संपेपर्यंत अर्धा हौद भरला होता, आणि जी टाळी वाजली ती काचेच्या छतावरून परत येऊन दुप्पट झाली.

 चष्मेवालीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर कपाळ पुसत होते. ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, "पुढचं घ्या."

पुढचं गाणं संथ होतं. नुसता गळा, बेस आणि अधूनमधून कीबोर्ड. इथे टकटक शोभली नसती. चष्मेवालीने पिक ओठांत धरलं आणि उघड्या बोटांनी तार छेडली, पट्टीशिवाय. एक सूर, मग लांब विसावा. आता तोच हौद तिच्या कामी आला. सूर फरशीवरून पसरत गेला, लोकांच्या पायांतून वर चढला आणि विरता विरता पुढच्याच्या हातात हात देऊन गेला. बोट चुरचुरत होतं. चुरचुरू दे, तिने मनाशी म्हटलं. एका गाण्यापुरतं सोसेल. हौदात कुणी हललं नाही. एका जोडप्याने तर डोळेच मिटून घेतले होते.

त्यांची फेरी संपली तेव्हा ओट्यावरून उतरायला तिला वाट मिळेना. तिसऱ्या बँडचा बेसवाला, चांगला दणकट दाढीवाला गडी, घाईघाईने पुढे आला. "ताई, एखादं जादा पिक आहे का हो?" तिच्या खिशात मोडक्या चष्म्यांची अख्खी बाजारपेठच असायची. तिने त्याला तीन दाखवली, त्याने लाल उचललं.

चहाच्या वेळी ती काठाशी आली. बाबा उठले नाहीत. आई मात्र उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दुसऱ्या गाण्याला काय केलंस?" बाबांनी विचारलं.

"पिक घेतलं."

"ते दिसलं मला, आंधळा नाही झालो. तळहाताचं विचारतोय. कुठे ठेवला होतास?"

"घोडीपाशी."

"जास्त दाबतेस. थोडा सैल ठेव, सूर अजून गोल येईल."

 पिकवरून वाजलं त्या दिवसानंतर बाबांनी तिच्या हाताबद्दल पहिल्यांदा काही सांगितलं होतं.

"अहो, जरा सरळ बोला ना तिच्याशी," आई म्हणाली.

"सरळच बोलतोय की!" बाबांनी घसा खाकरला. ते हौदाकडे, रिकाम्या चकचकीत फरशांकडे बघू लागले. "हॉटेलात खाली गालिचे होते, भिंतींना जाड पडदे. सूर टाकला की अलगद उतरायचा. मला वाटायचं ती माझ्या बोटांची करामत." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "इथे माझी बोटं बुडाली असती. तू तरलीस."

चष्मेवालीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

दुसऱ्या फेरीत यांची पाळी शेवटची होती. आता हौदात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने तळहात सैल ठेवून पाहिला आणि म्हाताऱ्याचं बरोबर होतं, सूर खरंच गोल आला. एका गाण्यात पिक, एकात बोटं, एकात अर्धं असं अर्धं तसं, आणि प्रत्येक वेळी काय घ्यायचं ते तिचं तिने ठरवलं. कुणी विचारलं नाही. नवरा पायऱ्यांवर उभा राहून शेजारच्याला, तो ऐकत असो नसो, सांगत होता, "बायको आहे आपली! ती, ती बेसवाली!"

ठरलेली गाणी संपली. लोक हलेनात. फरशीवर पाय आपटून सगळा हौद एका सुरात अजून हवं म्हणून ओरडू लागला. मास्तर कीबोर्डमागून बाहेर आले, सगळ्यांसमोर तिच्यापाशी येऊन उभे राहिले.

"आता कुठलं?" त्यांनी विचारलं.

"मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू? सुरुवात तुम्ही करा. एकटीने. आम्ही मागून येतो."

एकट्या बेसने गाणं सुरू होताना त्या गावाने कधी ऐकलं नव्हतं. चष्मेवालीने पाय जरा फाकवून ओट्यावर घट्ट रोवले, पिक चिमटीत धरलं आणि पळत्या चालीचे पहिले सूर सोडले. टक-टक, टक. टक-टक, टक. हौदातले हात तालावर वर गेले. चार आवर्तनं ती एकटीच वाजवत राहिली. घाई नव्हती, धाकधूक नव्हती, सगळा हौद तिचाच होता. मग तिने खांद्यावरून दिराकडे मान वळवली, ये आता म्हणून, आणि ड्रम धडाडून आत आला.

उथळ टोकाच्या पायऱ्यांवरून बाबा आईचा हात धरून हौदात उतरत होते.