माझ्या आईचं तोंड

तुमच्या आईचं उघडं तोंड परक्या पोरांनी ओणवं होऊन, हसत हसत बघितलंय का कधी?

माझ्या आईचं बघितलं. सांगलीच्या एका मोठ्या दवाखान्यात, भर वॉर्डात. आई खाटेच्या कडेला बसली होती, तोंडावर पदर धरून. गालाच्या आतला फोड ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आला होता. त्याला वास यायचा. म्हणून ती घरातही पदर सोडत नसे. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची.

डॉक्टर आले. मागे शिकणारी पोरं, पांढऱ्या कोटातली. डॉक्टर म्हणाले, "पदर काढा."

आईनं काढला नाही. आयानं मनगट धरून काढला.

"उघडा. मोठं. अजून."

जबडा आखडला होता. तरी तिनं उघडलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. डॉक्टर पोरांकडे वळून इंग्रजीत बोलले. ह्या थरातल्या बायकांत हे सर्रास दिसतं. घाण सवयी. तोंड धुणं ह्यांना माहीत नाही. एक पोरगा नाकाला रुमाल लावून काहीतरी पुटपुटला. बाकीचे हसले.

त्यांना वाटलं, आम्हाला कळत नाही. मी आमच्या मांगवाड्यातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. इंग्रजी मला बोलता येत नव्हतं. कळत होतं.

आई म्हणाली, "काय म्हणत्यात गं?"

"तुझ्या दुखण्याचंच बोलत्यात."

"मग हसत्यात कशापायी?"

तेवढ्यात फोटो काढणारा आला. आई बावरली. "फोटू कशाला, सायेब?" डॉक्टर म्हणाले, "पुस्तकासाठी. फक्त डॉक्टर लोक बघतील." तिला विचारलं नाही. सांगितलं. खट् खट् आवाज झाले आणि सगळे पुढच्या खाटेकडे गेले.

खोटं कशाला बोलू? डॉक्टरांचा हात हलका होता. विद्या खरी होती. मशीनच्या शेकाच्या, म्हणजे किरणांच्या, सगळ्या खेपा पुऱ्या केल्या तर ही बाई जगेल, असं त्यांनीच मला सांगितलं. आणि फरक पडतही होता. आई पेज गिळायला लागली. एकदा तर खाटेवर बसून तिनं आयाची नक्कल करून दाखवली. शेजारच्या बाया हसल्या. माझी आई मला परत मिळत होती. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

शेकाच्या खेपांमधल्या सुट्टीत आम्ही गावी आलो. गाव कडेगावच्या अंगाला. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू होणार होता आणि त्या निमित्तानं कॅन्सरचं आणि रक्ताच्या रोगांचं शिबिर भरलं होतं. डॉक्टर तेच. मी म्हटलं, "आये, तिथंच दावून घेऊ. सांगलीची खेप वाचंल."

कारखान्याच्या संचालकांनी लाऊडस्पीकरवरून डॉक्टरांची ओळख करून दिली. मुंबईत शिकले. विलायतेला जाऊन आले. तिकडची नोकरी सोडून आपल्या माणसांसाठी परतले. रक्ताचा कॅन्सर, गळ्याच्या गाठी, बायकांच्या छातीच्या गाठी, पिशवीचा रोग, अंगात रक्त न ठरणं, वाहतं रक्त न थांबणं, सगळ्यावर ह्यांच्याकडे इलाज. टाळ्या झाल्या. आईनंही वाजवल्या. एका हातात पदर होता, म्हणून दुसरा हात मांडीवर आपटून.

मग लोक तंबूत शिरले. तंबूच्या कनातीला चित्रं टांगली होती. मधोमध माझी आई.

मोठी. घोंगड्याएवढी. कपाळ, कपाळावरचं गोंदण, डोळे, सगळं दिसत होतं. डोळ्यांवर साधी काळी पट्टीसुद्धा नव्हती. तोंड उघडं. खाली तांबड्या रंगात लिहिलेलं: घाणेरड्या सवयीचे फळ.

पोरं जबडा वासून एकमेकांना भिववत होती. एक बाप्या ओरडला, "ए हौसा, शिनेमात गेलीस की गं! लय झ्याक काढलाय!" लोक खिदळले.

आई चित्रासमोर उभी राहिली. दुखणं झाल्यापासून तिनं आरसा बघितला नव्हता. स्वतःची जखम तिनं त्या तंबूत पहिल्यांदा बघितली. सगळ्या गावाबरोबर.

"मी आशी दिसतीया व्हय?" ती म्हणाली. एवढंच.

तिची ओळख कुणी करून दिली नव्हती. मी करून देते. हौसाबाई. माहेर माणातलं. केरसुण्या वळायची आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायची. दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथं भाकरी आम्हा पोरांपुरतीच पुरायची. बाया तव्यावर तंबाखू जाळून तिची मिश्री करायच्या आणि दातांना लावायच्या, कारण मिश्रीनं भूक मरते. माझ्या आईनं भूक मारली, म्हणून मी शाळेत बसले. ही तिची घाण सवय.

डॉक्टर मंडपात चहा पीत होते. मी जाऊन म्हटलं, "तो फोटो खाली उतरवा."

"कुठला?"

"माझ्या आईचा."

आई माझ्या मागेच उभी होती. त्यांनी तिला ओळखलं नाही. पदराआडून कसं ओळखणार? त्यांची ओळख फक्त तिच्या तोंडाच्या आतल्या भागाशी होती.

"बाळ, ते बघून किती बायका मिश्री सोडतील," ते शांतपणे म्हणाले. "समाजाचं काम आहे हे."

संचालक उसळले. "ए पोरी, कुणाशी बोलतीस? फुकटचं औषीद खाताना ग्वाड लागलं व्हय गं?"

संचालकांच्या आईला हाच रोग होता. अख्ख्या गावाला ठाऊक. मिश्री त्याही लावायच्या. त्यांना पडदे लावलेल्या मोटारीतून नेत. हेच डॉक्टर त्यांना घरी येऊन तपासत, दार लावून. त्या बाईचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. एक शब्द बोलले असते तर मंडपात आग लागली असती. मी तो गिळला. तीही कुणाची आई होती. एका बाईची अब्रू परत आणायला मी दुसरीची उघडी करणार नव्हते.

मी एवढंच म्हटलं, "त्या कनातीवर मोटारीतनं उतरणारी एक तरी बाई हाय का, सायेब? असली तर दावा."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. संचालकांनी मान दुसरीकडे फिरवली. त्यांना कळलं होतं.

कॉलेजात मी पत्रकं वाचायचे, वाटायचे. शोषण, प्रतिकार, असले शब्द मला पाठ होते. त्या दिवशी एकही आठवला नाही. मी तंबूत गेले, खुर्ची ओढली, चढले, चित्राची सुतळी तोडली. "आगं ए, सोड! कारखान्याचं हाय ते!" कुणीतरी ओरडलं. मी म्हटलं, "न्हाई. आमचं हाय."

घरी आल्यावर मी काडी ओढली. आईनं माझा हात धरला. "जाळू नगंस बाय. माझंच त्वांड हाय की."

त्यानंतर ती सांगलीला गेली नाही. मी पाया पडले. रडले. रागावले. ती म्हणायची, "तितं न्हाई जायाचं. पुन्यांदा उगडायला लावत्याल." शेकाच्या खेपा राहिल्या त्या राहिल्या. फोड पुन्हा चढला. पेज थांबली, मग पाणी. उन्हाळ्यात ती गेली. शेवटपर्यंत पदराची मूठ तिनं सोडली नाही. मी सोडवली, तिला आंघोळ घालताना.

मिश्री सोडा, हे मीही सांगते. दारोदार जाऊन सांगते. फोड दिसला तर दवाखान्यात चला म्हणते आणि बाईबरोबर स्वतः जाते. खाटेशेजारी उभी राहते. डॉक्टर आले की म्हणते, आधी तिला विचारा. ती हो म्हणाली तरच पदराला हात लावा. मला हाकलतात. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. जाणार.

पण मला सगळीकडे पोचता येत नाही. मी एकच चित्र उतरवलं. त्याच्या नकला निघाल्यात. माझ्या मावशीनं एक दहिवडीच्या जत्रेत बघितली आणि तिथंच मटकन बसली. दुसरी खंडाळ्याकडे कुणी शाळेत बघितली म्हणतात. माझी आई मेली, आणि अजून तिला तोंड उघडून उभं केलंय.

तुमच्या गावात ते चित्र असेल. शाळेच्या भिंतीवर, दवाखान्याच्या व्हरांड्यात, कुठल्या तरी तंबूत. ओळखणं सोपं आहे, कपाळावर गोंदण आहे. ते उतरवा. कुणाची परवानगी मागू नका. तिची कुणी मागितली नव्हती. उतरवलंत की घडी घाला, तोंड आतल्या बाजूला येईल अशी.