कडा कापलेली डबलरोटी

१९७४ साल. मी छत्तीस वर्षांचा होतो, पलटणीतनं सुटून घरी आलेला. म्हणजे भरतीच्या वेळी साहेबानं माझे दात आणि खांदे बघून जे वय लिहिलं, त्या हिशेबानं छत्तीस. शाळा मी तिसरीत सोडली. सही येते, वर्तमानपत्र वाचता येतं, आणि पलटणीतली सगळी वर्षं अफसर मेसमध्ये काढल्यामुळं रांधता येतं. हे सांगायची मला कधी लाज वाटली नाही. लोकांना ऐकायची वाटायची, तो त्यांचा प्रश्न.

त्या थंडीत बायको बाळंतपणाला माहेरी गेली, तासगावच्या पुढं. धाकटीला तिनं बरोबर नेलं. थोरली अकरा वर्षांची, ती मात्र हटून मागं राहिली. मलकापुरातनं ती रोज चालत कराडच्या शाळेत जायची आणि शाळेच्या खो-खोच्या संघात तिची निवड झाली होती. तालुक्याचे सामने तोंडावर आलेले. पोरीच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. झोपेतसुद्धा पाय हलायचे तिचे.

आता तिचा डबा कुणी करायचा? भिंतीपलीकडं थोरला भाऊ राहायचा. वहिनी पहिल्याच दिवशी परसातनं बोलली, "भावजी, पोरीच्या दोन भाकरी माझ्या तव्याला जड न्हाईत. बाप्या मानसानं चुलीम्होरं बसायचं, बरं दिसतंय का?"

"पलटणीत बसलो तवा बरं दिसलं. पगार घरी यायचा तवा कुनी इचारलं न्हाई, पोरगा तिथं काय करतोय."

वहिनी वाईट नव्हती. पण माझ्या पोरीचा डबा दुसऱ्याच्या चुलीवरनं गेला, की बायको परत आल्यावर तिला ते वर्षभर ऐकावं लागणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हटलं ते म्हटलं.

भाकरी मला येत नाही. मेसमध्ये ज्वारी कुठली? थापायला घेतली की परातीतच दुभंगायची. पहिल्या दिवशी जे झालं ते म्हशीनंही हुंगून सोडलं. मग म्हटलं, हाताला जे येतं ते करायचं. साहेबांची पोरं शाळेला जायची, त्यांचे डबे मीच तर भरत होतो.

रोज संध्याकाळी सायकलीवर कराडला जायचं, बेकरीतनं अख्खा पाव आणायचा. आम्ही पलटणीत त्याला डबलरोटी म्हणायचो. पहाटे त्याचे काप करायचे, बोटाएवढे जाड नाहीत आणि कागदाएवढे पातळ नाहीत. चारी बाजूंच्या करपट कडा काढून टाकायच्या. मेसमध्ये आत जाम असायचा. माझ्याकडं शेंगदाण्याचं कूट होतं, आपल्याच उसाचा गूळ होता, घरच्या म्हशीचं लोणी होतं. तिन्ही खलबत्त्यात एकजीव करायचं आणि मधोमध ठेवायचं. काठाला बोटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर लोणी तिथं पोचतं आणि मग पाव पावाला धरत नाही. वर दुसरा काप. त्यावर चहाचा मग पालथा घालून सगळा भार देऊन दाबायचा. हा मग माझा पलटणीतलाच होता, तामचिनी, बोथट काठाचा. धारेचा काठ नुसता कापतो. बोथट काठ आधी दोन्ही काप एकमेकांना चिकटवतो आणि मग कापतो. बाहेरचं उरलेलं झाडलं की हातात गोल, बंद, फुगीर वस्तू येते. डबा उलटापालटा करा, पळा, उड्या मारा, आतलं बाहेर येत नाही.

पोरीनं पहिल्या दिवशी डबा चाटून पुसून आणला. "आबा, उद्या चार द्या," म्हणाली. कडा म्हशीला टाकल्या, तिनंही खाल्ल्या. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

लोकांच्या दृष्टीनं तो तेव्हा सुरू झाला. आमच्याकडं त्या काळी घरात पाव येई तो आजाऱ्यासाठी. कुणी तापानं पडलं, कुणी दवाखान्यातनं सुटून आलं, की दूध-पाव. धडधाकट माणूस पाव खात नसे. मी रोज सायकलीला पाव लटकवून येतोय हे सगळ्या आळीनं बघितलं. कोपऱ्यावरचा म्हातारा म्हणाला, "पोरीचा ताप उतरला का रं?" मी म्हटलं, "चढलाच न्हाई तर उतरंल कुठनं?" तो मान हलवत राहिला, जणू मी दुःख लपवतोय. एका संध्याकाळी वहिनी मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला आली. मी तिला दारातनंच परत लावलं.

हसलो मी त्याला. पण ते शाळेपर्यंत पोचलं.

शनिवारी पोरगी दुपारीच घरी आली. दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि भिंतीकडं तोंड करून बसली. लय विचारल्यावर बोलली. खेळाच्या बाईंनी तिला संघातनं काढलं होतं. त्यांनी डबा बघितला, आळीतल्या पोरींनी वर सांगितलं की हिच्या घरी रोज पाव येतो, आणि बाईंनी ठरवून टाकलं की ही मुदतीच्या तापातनं उठलीय. आदल्या वर्षी अशीच एक पोर, तापातनं उठलेली, मैदानावर कोसळली होती आणि बोल बाईंना लागला होता.

"तू सांगितलं न्हाईस, बरी हाय म्हनून?"

"सांगितलं. बाई म्हनल्या, खेळायला मिळावं म्हनून सगळ्याच असं सांगतात." मग ती वळली. "आबा, सोमवारी भाकरी द्या. पलीकडच्या थोरल्या आईकडनं करून घ्या."

"न्हाई."

"का न्हाई?"

"भाकरी दिली की बाई म्हननार, आता बरी झाली. म्हंजे आजारी हुतीस हे खरं ठरलं. तू आजारी न्हवतीस आन मी काय वंगाळ केलेलं न्हाई. डबा तोच जाईल."

"खो-खो मला खेळायचा हाय, आबा. तुमास्नी न्हाई."

तोंडावर बोलली. मी माझ्या शब्दावरनं हललो नाही. रविवारी ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

सोमवारी धुतलेला सदरा घातला आणि तिच्याबरोबर शाळेत गेलो. डबा माझ्या हातात. बाई मैदानावरच होत्या. पांढरी साडी, गळ्यात शिट्टी, वयानं माझ्याहून लहान.

"घरात बाईमाणूस नाही का?" त्यांनी डबा बघताच विचारलं.

"मी हाय की."

"अहो, तसं नाही. स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. आजारी कुनी न्हाई, बाई. मला भाकरी येत न्हाई आन हे येतं, म्हनून हे. मोठमोठ्या साहेबांची पोरं हेच खाऊन घोड्यावर बसायची. ती काय खाटेवरनं उठून आल्याली?"

"मला पोरीच्या जिवाची जबाबदारी आहे."

"मला न्हाई व्हय? आत्ता पळवा तिला. दमली तर मी सवता घरी घिऊन जातो, परत तोंड दाखवत न्हाई."

बाईंनी शिट्टी फुंकली. संघातल्या मुली रांगेत बसल्या आणि माझी पोरगी पळायला उभी राहिली. मी झाडाखाली. ती खांबाजवळनं अशी वळायची की मागचीचा हात हवेत राहायचा. एक दमली, खो देऊन बसली, दुसरी उठली, तीही दमली. शेवटी बाईंनीच परत शिट्टी मारली. पोरगी कमरेवर हात ठेवून उभी, घामानं निथळलेली, नजर माझ्याकडं नाहीच, बाईंकडं.

"पळते," बाई म्हणाल्या. "उद्या सामन्याला ये. पण डब्यात भाकरी आण. तिथं बाकीच्या शाळांचे लोक असणार. आजारी मुली खेळवतात म्हणून आमच्या नावानं ओरड नको."

"डबा ह्योच यील," मी म्हटलं.

"मग ती येणार नाही."

मी एक पाऊल मागं घेईन असं बाईंना वाटलं असावं. मला त्यांच्याबद्दल तेच वाटत होतं. मधे पोरगी.

तीच बोलली. "बाई, मी डबाच आनत न्हाई. पावाचाबी नको, भाकरीचाबी नको. उपाशी खेळते."

बाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बापावर गेलीय," म्हणाल्या. मग शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "उपाशी पोरीला मी मैदानात उतरवत नाही. आण काय आणायचंय ते. कुणी विचारलं तर उत्तर तू द्यायचं."

"देते की," पोरगी म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती माझ्याशी बोलली, पण एवढंच, "आबा, गूळ जरा जास्त घाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्यावर मी पाट, पाव, सुरी, कुटाचं भांडं, तामचिनी मग, सगळं घरातनं उचललं आणि बाहेर ओट्यावर मांडलं. बायका पाण्याला निघाल्या होत्या, माणसं मोटेच्या नि कारखान्याच्या वाटेला लागली होती. आळीला बघायचंच आहे तर उघड बघू दे, म्हणून सगळ्यांच्या देखत मांडी घालून बसलो आणि कडा कापायला घेतल्या. वहिनी घागर कमरेला घेऊन थांबली.

"आवं भावजी, आता रस्त्यावरच? कोन पडलंय तरी एकदा सांगून टाका."

मी कूट मधोमध ठेवलं, काठ मोकळा सोडला, वर दुसरा काप ठेवला आणि तामचिनी मग पालथा घालून दोन्ही हातांनी दाबला.