बाबा गादीवर बसले तेव्हा

काल प्रताप नगरच्या ध्यानवर्गात नवे पडदे लागले होते. कोऱ्या कापडाचा वास येत होता. "राग सोडा, खरे तुम्ही सापडाल," गुरुजी म्हणाले. मी डोळे मिटले आणि थेट सत्तरच्या दशकातल्या गांधीबागेच्या कापडबाजारात पोचलो.

तिथल्या एका दुकानात बाबा कापडाच्या गाठी वाहायचे. एकदा चक्कर आली म्हणून ते गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या गादीवर टेकले, तर सेठने सगळ्यांदेखत चादर बदलायला लावली. आमच्या घरातला मी पहिला बी.ए. पहिला पगार झाला, तसा बाबांना गिऱ्हाईक म्हणून त्याच गादीवर घेऊन गेलो.

"या साहेब, काय दाखवू?"

"मला नाही, बाबांना विचारा."

सेठचा चेहरा उतरला. मी त्याला ताग्यावर तागा उलगडायला लावला. गादीच्या काठावर बसलेले बाबा कुजबुजले, "चाल ना गा. काहून सतावून राहिला त्याले?"

"अजून पाहू."

तेव्हा माझी नजर सेठवरच होती. काल मिटल्या डोळ्यांपुढे मात्र बाबा दिसले. हळूच सरकून, मांडी घालून ऐसपैस बसले आणि म्हणाले, "सेठ, ते वरचं निळं काढा जी."

वर्गानंतर गुरुजींनी विचारलं, "सुटला राग?"

"नाही जी. त्याच्याच जोरावर शिकलो. तो सोडला तर सापडायला उरेल कोण?"