बोरगुड्याचे बावीस मैल

तेजराम मेश्राम भंडाऱ्याकडचा. १९५७ साली तो भिलाईत आला आणि सर्वे पार्टीत खलाशी म्हणून लागला. खलाशाचं काम मोजणीची साखळी ओढायचं. एक साखळी सहासष्ट फुटांची, ऐंशी साखळ्यांचा मैल. बायको मनकर्णा भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीतल्या झोपडीत आणि तो महिन्यातले वीस दिवस दक्षिणेकडच्या जंगलात, खनिजाच्या डोंगरांत.

तिथे एका डोंगराच्या दोन अंगांना दोन गावं होती, कोसमडीह आणि बोरगुडा. दोन्हीकडे दगड फोडणारे मजूर. ठेकेदाराने दवाखाना मात्र कोसमडीहलाच उघडला. नकाशावर दोन गावांत सहाच मैल दिसत होते. तेजरामचा धाकटा भाऊ धोंडबा आणि त्याची बायको रुक्मा बोरगुड्याला कामावर होते.

१९५९च्या भादव्यात धोंडबाला ताप चढला. चौघांनी त्याची खाट उचलली. डोंगर कड्यांचा, त्याला वळसा घालावा लागला. वाटेत नाल्याला पूर होता, तो ओसरेपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पोचले तेव्हा धोंडबा गेला होता.

आठ दिवसांनी तेजराम बोरगुड्यालाही दवाखाना मागायला भिलाईच्या ऑफिसात आनंदराव साहेबांपुढे उभा राहिला. नकाशांचं काम त्यांच्याकडे होतं.

"सहा मैलांना दोन दिवस कसे लागले?" त्यांनी विचारलं.

"सायेब, नकाशात सहा मैल असन. पन खाट काही हवेतून जात नाही."

आनंदरावांनी नकाशावर दोन गावांमधून बोट फिरवलं. "त्या वाटेची मोजणी कधी झालीच नाही. तू मोजून आकडा आण, मी वर पाठवतो. माणसं मात्र देता येणार नाहीत."

कार्तिकात तेजराम आठवड्याची रजा टाकून, जुनी साखळी खांद्यावर घेऊन बोरगुड्याला गेला. साखळीला दोन माणसं लागतात. मजूर रोजी बुडवायला तयार नव्हते.

"भाऊजी, दुसरं टोक मले द्या," रुक्मा म्हणाली. एरवी ती या भासऱ्यापुढे, नवऱ्याच्या थोरल्या भावापुढे, तोंडावर पदर ओढून उभी राहायची.

"लोक काय म्हनतीन?"

"खाटीमांगं मीच चालत होती. वाट मले ठाऊक हाय."

तिने पदर खोचला. दहा साखळ्या झाल्या की ती एक चिंचोका कमरेच्या पिशवीत टाकायची. दुसऱ्या दिवशी नाल्याकाठच्या एका उंचवट्यावर ती थांबली. "इथं पानी मांगितलं होतं त्याईनं," एवढंच बोलली आणि पुन्हा टोक उचललं. चौथ्या दिवशी दवाखान्याच्या दारात एकशे शहात्तर चिंचोके निघाले. बावीस मैल.

आनंदरावांनी शब्द पाळला. कागद फिरायला पाच महिने लागले. उन्हाळ्यात बोरगुड्याला बांबू-ताडपत्रीचा दवाखाना उभा राहिला, एक कंपाउंडर आला. रुक्माला तिथे आयाचं काम मिळालं.

तेजराम तिला खुर्सीपारला न्यायला गेला. "मनकर्णानं निरोप देला. चाल, आपल्या मानसांत राहशीन."

"बाया बाळंतपनाले मले बलावतात, भाऊजी. आता कशी येऊ?"

त्याने आग्रह केला नाही. पुढे दर हिवाळ्यात तो तिला भेटायला जायचा. बस कोसमडीहपर्यंतच होती, तिथून तो चालत जाई.