बॅटच्या टोकातलं शिसं

मंडळी, आज डहाणूला नातीची सॉफ्टबॉलची मॅच होती. सुरू होण्याआधी आत काही भरलंय का बघायला पंचांनी तिची बॅट कानाशी धरून हलवली आणि घाम मला फुटला.

बॅट चोख निघाली. "आजी, तू कशाला घाबरलीस गं?" नात हसली. तिला नाही सांगितलं, तुम्हाला सांगते.

एकोणीसशे पासष्टच्या सुमारास आम्ही वरोरच्या शाळेतल्या मुली तलासरीला मॅच खेळायला गेलो होतो. दोन्ही संघांत मिळून लाकडी बॅट एकच, आमची. तिच्या टोकाला मी भोक पाडलं होतं. आमची बॅटिंग आली की त्यात बाबांच्या मासेमारीच्या जाळ्याचं शिसं कोंबायचं, वरून होडीचं डांबर थापायचं. त्यांची आली की गुपचूप काढून घ्यायचं. जड बॅटने आमचे फटके लांब जायचे.

एका रनने जिंकलो. मी शिसं काढून मुठीत लपवत होते, तेवढ्यात त्यांची कॅप्टन धावत आली. तिने माझी तीच मूठ दोन्ही हातांत धरली.

"तुम्ही बॅट दिली म्हणून आम्हाला खेळायला तरी मिळालं."

मी मूठ उघडली नाही. तुम्ही उघडली असती?